येवल्याची पैठणी : घेण्यापूर्वी उलटून पाहा

मनमाडहून कोपरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर येवले लागते. आपल्या लोकांना या गावाची ओळख करून देण्याची गरज नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येथेच, आणि दरवर्षी त्या दिवशी मुक्तिभूमीवर गर्दी लोटते. अभिवादन झाले की आमच्या भगिनींची पावले पैठणीच्या दुकानांकडे वळतात. आम्हीही वळलो.

एका दुकानात मोराच्या पदराची झगमगीत साडी समोर पसरली गेली. भाव अठराशे रुपये! ‘अस्सल येवल्याची’ असेही सांगण्यात आले. तेथून आम्ही एका विणकराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, मागे चूल. पदरावरचा मोर विणताना हा माणूस रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या हाताने फिरवीत होता. तासाभरात काम बोटभर सरकले असेल. साधी साडी पुरी व्हायला पंधरा-वीस दिवस, भरगच्च पदर असेल तर महिने लागतात, असे तो म्हणाला.

आता हिशेब आपणच करावा. आपण रोजावर जाणारी माणसे. हा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको. दिवसाला पाचशे रुपये धरले तरी पंधरा दिवसांची नुसती मजुरी साडेसात हजार होते. रेशीम आणि जर वेगळीच. मग अठराशेला पैठणी कशी मिळेल? ती यंत्रमागावरची नक्कल असते, बहुधा पॉलिस्टरच्या धाग्याची. बाजारात तिला ‘सेमी पैठणी’ म्हणतात. सेमी म्हणून सांगून, त्याच भावात विकली तर त्यात गैर काही नाही. ऐपतीप्रमाणे खुशाल नेसावी. पण तीच साडी हातमागाची म्हणून आठ-दहा हजारांना गळ्यात मारली जाते, तेव्हा लेकीच्या लग्नासाठी भिशीत साठवलेला पैसा बुडतो आणि विणकराचे गिऱ्हाईकही जाते.

ओळखायची कशी, हे त्या विणकरानेच साडी उलटून दाखवले. हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतात. कधी ते झाकायला जाळी लावतात. हाताचे दोन मोर तंतोतंत सारखे नसतात, यंत्राचे असतात. मात्र जेकार्ड लावलेली ‘ब्रोकेड’ पैठणी हातमागावरही होते आणि तिच्याही मागे धागे असतात; तेव्हा नुसत्या या एका खुणेवर कोणाला खोटे ठरवू नये.

रेशमाची परीक्षा घरीही होते. पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळावा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

सिल्क मार्कच्या चिठ्ठीबद्दल मोठा गैरसमज आहे. ती चिठ्ठी धागा शुद्ध रेशमाचा एवढेच सांगते. रेशमाची साडी यंत्रमागावरही विणता येते! हातमागाची खूण वेगळी आहे. ‘हँडलूम मार्क’ २००६ साली सुरू झाला, तो पाहावा. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. दुकानदाराकडे त्याची चौकशी करायला लाजू नये.

आणि बिल घ्यावेच. त्यावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असे शब्द लिहून मागावेत. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. पण हाती कागद नसेल तर बोलणे अवघड. दुकानदार ते दोन शब्द लिहून द्यायला कां-कूं करू लागला, तर साडीची घडी घालून त्याच्याच हाती परत द्यावी.