मुळापाशी जा

नल्लकुंटा, हैदराबाद
३० सप्टेंबर

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

तेलुगू कथा मराठीत आणायला घेतल्यास, हे वाचून फार आनंद झाला. पण ‘इंग्रजीवरून करतेय’ या शब्दांपाशी मी अडले. आज जागतिक अनुवाद दिन. इ. स. ४२० मध्ये याच दिवशी संत जेरोम बेथलेहेमला वारले. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

बायबलचा ‘जुना करार’ मुळात हिब्रू. लॅटिन वाचकांना तो ग्रीकवरून मिळालेला. जेरोम ज्यू शिक्षकांकडे हिब्रू शिकले आणि सुमारे पंधरा वर्षं खपून त्यांनी तो थेट मुळातून लॅटिनमध्ये आणला. त्यांच्याबरोबर पॉला आणि तिची मुलगी युस्टोकियम याही हिब्रू शिकल्या. जेरोमना रोष पत्करावा लागला. त्यातल्या योनाच्या गोष्टीत सवयीच्या भोपळीच्या वेलाऐवजी त्यांनी ‘आयव्ही’ लिहिलं, तर आजच्या त्रिपोलीत भर प्रार्थनेत लोक बिशपवर उठले. संत ऑगस्टीननं हे त्यांना पत्रानं कळवलं. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ एरंड असावा, असं आज अनेक अभ्यासक मानतात. तरीही जेरोमचं हे लॅटिन बायबल, ‘व्हल्गेट’, हजारावर वर्षं पश्चिम युरोपचं बायबल राहिलं. गुटेनबर्गनं १४५५च्या सुमारास छापलं, तेही हेच.

आपल्याकडे हीच वाट पंडिता रमाबाई चालल्या. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंना तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा साध्या बायकांसाठी जड वाटली. मग उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व त्यांनी घरातल्या मराठीत सबंध बायबल उतरवलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

अनुवादकाला चूक क्षम्य आहे, एरंडाची आयव्ही होऊ शकते. पण ती चूक आपली असावी, दुसऱ्याच्या चुकीची नक्कल नसावी.

दिवाळीनंतर महिनाभर इकडे ये. सकाळी माझ्याबरोबर भाजी बाजारात चल, दुपारी तेलुगू अक्षरं गिरव. मीही लग्नानंतर बाजारातच तेलुगू शिकले. तुझं इंग्रजी पुस्तक पुण्यालाच ठेव, मूळ तेलुगू मी आणून ठेवते.

तुझी,
मावशी