आज कितला?

आमच्या नवागामच्या गल्लीत कुणाच्या घरी शेवभाजी शिजतेय हे कोपऱ्यावरच कळतं. तिथे एखाद्या पोराने शतक मारलं तर ते लपणार कसं? 2015ची दिवाळी नुकतीच झाली होती. माझा धाकटा भाऊ तेव्हा आठवीत, तेरा वर्षांचा. शाळांच्या सामन्यात त्याने 112 धावा केल्या. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांनी गणपतीतल्या लाकडी चौकटीवर नवा बॅनर ताणला. वर भावाचा फोटो, खाली ‘नवागामचा सचिन’. फोटो मी निवडला होता आणि ती ओळही माझीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला दुसऱ्यांकडे बोट दाखवता येणार नाही.

तेव्हापासून एक प्रश्न सुरू झाला. संध्याकाळी तो किटची बॅग घेऊन डिंडोलीच्या बाजूने चालत आला की ओट्यावरच्या आज्या विचारायच्या, “आज कितला रे भो?” दूधवाला गुजराती काका विचारायचा, “केटला?” घरात पाऊल टाकलं की पप्पा, “किती झाले?” तीन भाषांत एकच प्रश्न. सुरुवातीला तो हसून आकडा सांगायचा. आम्हाला केवढा अभिमान वाटायचा! पप्पा रिंग रोडच्या साडी मार्केटमध्ये पार्सल बांधायचे. तिथे आता त्यांना नावाने नाही, ‘क्रिकेटवाल्याचे पप्पा’ म्हणून हाक मारत.

त्यात जानेवारी 2016 उजाडला. 4 आणि 5 तारखेला कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी कप स्पर्धेत नाबाद 1009 धावा केल्या. वय पंधरा. 129 चौकार, 59 षटकार. इंग्लंडच्या कॉलिन्स नावाच्या शाळकरी मुलाचा 1899 सालचा नाबाद 628 धावांचा विक्रम मोडला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली, सचिन तेंडुलकरने सही केलेली बॅट पाठवली. पण पप्पांच्या मनात घुसली ती वेगळीच गोष्ट. प्रणवचे वडील रिक्षा चालवायचे. पप्पांनी पेपरचं कात्रण काढून आरशाशेजारी चिकटवलं. म्हणजे भाऊ सकाळी केस विंचरायला उभा राहिला की एका बाजूला त्याचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला 1009.

भावाने ते कात्रण पूर्ण वाचलं होतं. प्रणवच्या संघाने 3 बाद 1465वर डाव सोडला, समोरची शाळा 31 आणि 52 धावांत आटोपली. रात्री गच्चीवर तो मला म्हणाला, “ताई, त्या दुसऱ्या टीमची पोरं घरी गेली असतील तेव्हा त्यांना काय विचारलं असेल?” मी म्हटलं, “तू त्यांचा विचार कशाला करतोस? तू प्रणवचा कर.” आज ते आठवलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

त्यानंतरच्या मोसमात त्याची बॅट चालेना. का, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. उंची अचानक वाढली होती, चेंडू उशिरा दिसायचा, असं काहीतरी तो म्हणायचा. पप्पांनी उसने पैसे घेऊन नवी बॅट आणली, त्यामुळे तर तो जास्तच गप्प झाला. बॅनर पावसात फाटला, पण उतरवला कुणी नाही. भाऊ आता पुढच्या गल्लीतून न येता रेल्वे लाइनच्या बाजूने वळसा घालून मागच्या दाराने यायला लागला. मम्मीला वाटायचं, चिखलाचे बूट घेऊन पुढून यायला लाजतो.

एका रविवारी त्याने आल्या आल्या स्वतःहूनच सांगितलं, “62.” पप्पांनी पेढे आणले. मी लगेच व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकलं. रात्री शेजारचा मुलगा, त्याच संघातला, पेढा खाता खाता सहज बोलून गेला की आज तर हा आलाच नव्हता. घरात एकदम शांत झालं. भाऊ दिवसभर उधना स्टेशनच्या बाकावर बसला होता, भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या बघत. तो रडला नाही. फक्त म्हणाला, “मला 62 सांगायला बरं वाटलं.” पप्पांनी हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मी फोन घेऊन ते स्टेटस काढलं, तोवर चाळीसेक जणांनी पाहिलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस बाप-लेकात बोलणंच नव्हतं.

2017मध्ये पुन्हा पेपरात प्रणवचं नाव आलं. त्याची बॅट चालत नाही म्हणून त्याच्या वडिलांनी असोसिएशनला शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं होतं. पप्पांनी ती बातमी उभ्यानेच वाचली, मग बसून परत वाचली. “महिन्याला दहा हजार,” ते मम्मीला म्हणाले, “आणि रिक्षावाला माणूस नको म्हणतो.” पप्पांचा पगार तेव्हा त्याहून फार जास्त नव्हता. त्यांना त्या माणसाचं नेमकं काय पटलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण जेवण झाल्यावर आरशाजवळचं कात्रण त्यांनी नखाने खरवडून काढलं. भिंतीचा थोडा रंगही निघाला. तो पांढरा ठिपका अजून आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊ मैदानावरून आला. पप्पांनी तोंड उघडलं, सवयीने ‘कि’ एवढं बाहेर आलं, आणि मग म्हणाले, “किती ऊन होतं ना आज?” संध्याकाळचे साडेसात वाजले होते. भाऊ म्हणाला, “हो, होतं.” मम्मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

ऑक्टोबर 2018मध्ये राजकोटला अठरा वर्षांच्या पृथ्वी शॉने पहिल्याच कसोटीत 134 धावा केल्या, तेव्हा दोघे शेजारी बसून टीव्ही बघत होते. शॉनेही चौदाव्या वर्षी शाळेच्या सामन्यात 546 केले होते. 2024च्या लिलावात त्याला एकाही संघाने घेतलं नाही, त्या रात्री लोक मोबाइलवर त्याची टिंगल करत होते. भावाने फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसला.

तो आता एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात डिझाइन करतो, रविवारी टेनिस बॉलने खेळतो. चांगला खेळतो, असं लोक म्हणतात. मी विचारत नाही.

मागच्या महिन्यात समोरच्या घरातला अकरा वर्षांचा पोरगा शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत पहिला आला. मंडळाची पोरं माझ्याकडे आली, “ताई, बॅनरसाठी काहीतरी जोरदार लिहून द्या ना.” मी म्हटलं, बघू. तेवढ्यात तो पोरगा स्वतःच गल्लीतून आला आणि ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, “कितला सेकंद रे?” भाऊ दारात उभा होता. त्याने पोराला जवळ बोलावलं आणि विचारलं, “बूट चावतात का रे अजून?”

पोरगा लगेच पायरीवर बसला आणि टाच दाखवायला बूट काढू लागला.