वाटेत वाचायला

१९०४ साली जोहान्सबर्गच्या स्टेशनावर एक तरुण पत्रकार आपल्या वकील मित्राला निरोप द्यायला आला होता. वकिलांच्या साप्ताहिकाचा हिशेब जुळत नव्हता, म्हणून ते डरबनला निघाले होते. वाटेत वाचा, तुम्हाला आवडेल, असं म्हणून पत्रकाराने एक पुस्तक त्यांच्या हाती दिलं. हेन्री पोलाक यांनी दिलेलं ते रस्किनचं ‘अन्टू धिस लास्ट’ गांधीजींना खाली ठेववेना. चोवीस तासांचा प्रवास, आणि पोचल्यावर रात्रभर झोप नाही. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली, छापखाना शेतावर गेला. पुढे त्या पुस्तकाचं सार ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरलं. पोलाक स्वतः गांधीजींच्या कचेरीत उमेदवारी करू लागले, त्या साप्ताहिकाचं, ‘इंडियन ओपिनियन’चं, संपादनही त्यांनी सांभाळलं.

या हकिकतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती पोलाक यांची नजर. दोघांची ओळख शाकाहारी उपाहारगृहातली, तीही गांधीजींनी प्लेगविषयी वर्तमानपत्रात लिहिलेल्या पत्रामुळे झालेली. तेवढ्या ओळखीत त्यांनी या माणसाच्या मनात काय घोळतंय ते हेरलं.

कामाच्या ठिकाणी अशी नजर दुर्मीळ असते. दिवाळीत सुक्यामेव्याचे डबे टेबलाटेबलांवर फिरतात, यादीतल्या सगळ्यांना एकच डबा. निवृत्तीला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. त्यात माया नसते असं नाही. पण घेणाऱ्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी चाललं असतं. पुस्तकाचं तसं होत नाही. ते निवडताना समोरच्या माणसाचा विचार करत दुकानात बराच वेळ उभं राहावं लागतं.

बँकेतून माझी पहिली बदली माणदेशातल्या शाखेत झाली, तेव्हा साहेबांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली. “रुजू होण्याआधी वाचा,” एवढंच म्हणाले. धनगरांच्या वस्तीवर आलेला तो कोवळा मास्तर, आधी त्याच्याकडे परका म्हणून बघणारी आणि मग हळूहळू आपलं सुखदुःख सांगू लागणारी माणसं. पीककर्जाचे अर्ज घेऊन समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे मी त्या पुस्तकामुळे वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. अर्ज बाजूला ठेवून आधी पावसाची चौकशी करायला शिकलो. साहेबांना पाखरांचं वेड होतं. मी त्यांना मारुती चितमपल्लींचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ पाठवलं. त्यानंतर आमच्या पत्रांतून बढती-बदलीचे विषय मागे पडले.

वाचलंत का, असं मात्र कधी विचारू नये. विचारलं की भेटीचं काम होऊन बसतं. साहेबांनी मला कधीच विचारलं नाही.

आता आमच्या शाखेत एक मुलगी नव्याने आली आहे. रोज कर्जत लोकलने येते. बहुतेक वेळा तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळते, म्हणते. परवा डबा खाताना आजीच्या गोष्टी सांगायला लागली, तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवली. जाडजूड आहे, पण तिचा प्रवासही लांबचा आहे. शनिवारी दादरला जाऊन प्रत घेणार आहे. पहिल्या पानावर तिचं नाव नि तारीख घालीन, आणि आजीलाही वाचून दाखव म्हणून लिहीन.