ढगाळ उजेडातले गाव

मूळ गाव सोडून मोठ्या शहरात स्थिरावलेल्या कुटुंबांत गावाची छायाचित्रे बहुधा लग्नकार्याच्या निमित्तानेच निघतात. त्यांत मांडव असतो, पंगत असते, फेटे असतात. गाव मात्र नसते. गाव टिपायचे तर पावसाळ्यातच जावे, हे सांगलीच्या हळद पेठेत वाढलेल्या आणि आता पुण्यात व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांना हळूहळू उमगले.

उन्हाळ्यात नव्या हळदीचे सौदे चालू असताना पेठेला उसंत नसते आणि ऊनही कडक असते. भर उन्हातल्या छायाचित्रात कृष्णेचा अर्धा घाट पांढरा पडतो, अर्धा काळोखात बुडतो. आभाळ भरून आले की उजेड चहूकडून सारखा झिरपतो आणि सावल्या मावळतात. घाटाचा भिजलेला दगड अधिक काळा होतो, हरिपूर रस्त्यावरच्या चिंचांचा पाला गर्द हिरवा दिसतो. अशा वेळी आभाळ फिकट उतरते, म्हणून ते चौकटीत थोडेच घ्यावे, हे ते चुकतमाकत शिकले. गाडीतल्या गारव्यातून कॅमेरा एकदम बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. तेव्हा स्वस्थ थांबावे लागते. दुकानात येणाऱ्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आता ते जपून ठेवतात. त्या कॅमेऱ्याच्या पिशवीत जातात.

तंत्र कोणालाही शिकता येते. कोठे उभे राहायचे, हे मात्र ज्याचे बालपण तेथे गेले त्यालाच ठाऊक असते. १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल परक्या माणसाला धुक्यातली सुंदर कमान वाटेल. सांगलीच्या मुलाची दृष्टी आधी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या आकड्यांकडे जाते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे तेथील मुलांना पाढ्यांसारखे पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हापासून त्या आकड्यांकडे कोणी सहज पाहू शकत नाही. म्हणून त्यांच्या छायाचित्रात पुलाबरोबर ते आकडेही येतात.

पुढे हरिपूर, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाचे गाव. तेथील जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत जुनी. तोंड बंद केलेल्या पेवात माल वर्षानुवर्षे टिके. उघडल्यावर मात्र आत हवा खेळेपर्यंत कोणी उतरत नसे. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, हळद कुजली आणि अनेक पेवे कायमची निकामी झाली.

गेल्या श्रावणात हरिपूरच्या एका मोकळ्या जागेचे छायाचित्र त्यांनी काढले, ते केवळ लहानपणी तेथे विटीदांडू खेळलेले म्हणून. ओले गवत, मागे संगमावरचे धुके आणि मध्ये साचलेल्या पाण्याची दोन गोल डबकी. एवढेच त्यात होते. घरी ऐंशी ओलांडलेल्या वडिलांनी ते डोळ्यांजवळ धरले आणि डबक्यांवर बोट ठेवून म्हणाले, “ही आपली पेवं. बुजवली, पण माती खचली बघ.”

पुराच्या साली वडिलांनी नुकसानीचा आकडा कोणाला सांगितला नव्हता; मुलाला तर नाहीच. त्या सायंकाळी त्यांनी तो सांगितला. कोणाकोणाचे देणे कसे फेडले, कोणी तगादा लावला नाही, तेही सांगितले. ज्या जमिनीवर मुलगा खेळला, तिच्या पोटात घराची कमाई होती आणि पुढे तेथेच ती बुडाली.

एरवी उन्हात ती जागा चार रिकाम्या जागांसारखीच दिसते. जमीन कोठे खचली आहे, हे पाऊसच दाखवतो. या वर्षी पहिली झड लागली की वडिलांना बरोबर घेऊन हरिपूरला जायचे, असे त्यांनी ठरवले आहे. उरलेल्या पेवांच्या जागा वडील दाखवतील आणि प्रत्येक छायाचित्रामागे त्यांच्याच अक्षरात नोंद होईल.