अर्धा कप चहा

आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं, सकाळी साडेआठला, यादीत पहिलाच नंबर. आदल्या संध्याकाळी सिस्टरनी मला दोनदा बजावलं, "रात्री दहानंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही." मी मान हलवली. आणि सकाळी सहा वाजता खालच्या टपरीवरून अर्धा कप चहा आणून दोन ग्लुकोजच्या बिस्किटांबरोबर आईला दिला.

तिनं मागितला नव्हता. चहा चुकला की तिचं डोकं ठणकतं. ती नुसती कपाळ दाबून बसली होती आणि मला ते बघवेना. आमच्या घरात चहाची गणती खाण्यात होत नाही, पिण्यातही होत नाही. "काही घेणार?" विचारलं तर पाहुणा म्हणतो, "काही नको, नुसता चहा टाका." माझ्या मनातही 'काही नाही' याचा अर्थ तोच होता.

चहा देणं ही चूक अजाणतेपणी झाली, असं एकवेळ म्हणता येईल. त्यानंतरची मात्र नाही. साडेसातला सिस्टरनी विचारलं, "काही दिलं नाही ना?" मी म्हणाले, "नाही." त्यांच्या स्वरावरूनच मला कळलं होतं की मी द्यायला नको ते दिलंय. पण भाऊ रजा टाकून आला होता, पैसे भरून झाले होते, आणि आता ऑपरेशन रद्द झालं तर सगळे मला बोलतील, एवढंच त्या क्षणी सुचलं. आई माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही.

थिएटरच्या दाराशी भुलेच्या डॉक्टरांनी थेट आईलाच विचारलं. 'काही खाल्लं का' असं नाही. पाणी, चहा, दूध, बिस्किट, एकेकाचं नाव घेऊन. आईनं खरं ते सांगून टाकलं.

डॉक्टर बाहेर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. भूल दिली की माणूस नुसता झोपत नाही, त्याचं खोकणं, गिळणं, ठसका लागणं हेही थांबतं, असं त्यांनी सांगितलं. एरवी पोटातलं वर आलं तर ठसका श्वासनलिका वाचवतो. भुलेत ते सरळ फुप्फुसात उतरू शकतं, आणि जठरातल्या आम्लानं फुप्फुस भाजून निघतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात तर पोटात वायू भरतात, त्यानं दाब आणखी वाढतो. मी म्हणाले, "पण चहा तर पातळच असतो." त्या म्हणाल्या, "त्यात दूध आहे. पोटात गेलं की दूध फाटून घट्ट होतं, ते अन्नात धरायचं. दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद. तळलेलं, तेलकट किंवा मटण असेल तर आठ तास." एकेक नाव घेऊन का विचारतात, तेही त्यांनीच सांगितलं. "जेवलात का" म्हटलं की लोक "नाही, आज उपास आहे" म्हणतात, आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी झालेली असते.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, नीट झालं. पुढे मी याविषयी वाचत गेले. 1946 साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञांनी 44,016 बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या 66 जणींच्या पोटातलं भुलेत फुप्फुसात गेलं होतं. दोघी घशात अन्न अडकून गुदमरून गेल्या. तो 66 आकडा वाचल्यावर मला टपरीवरचा तो कागदी कप आठवला आणि पुढचं वाचवेना.

वाचवलं नाही, तिथेच दुसऱ्या चुकीचं बी पडलं. वर्षभरानं माझ्या चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "खाणं आणि दूध सहा तास आधी बंद. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत द्या." पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, म्हणून ते चालतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं हा दोन तासांचा नियम 1999 सालीच छापला होता. मला समजलं होतं. तरी रात्री नऊनंतर मी त्याला घोटभरही पाणी दिलं नाही. पहाटेपासून तो पाणी मागत होता. मी बाटली उशीखाली लपवली. आई म्हणाली, "अगं, डॉक्टरांनी पाणी चालेल म्हणून सांगितलंय ना? दे की त्याला." मी तिच्यावर ओरडले.

दहाचं ऑपरेशन बारावर गेलं. तोवर त्याचे ओठ सुकले होते, रडायचंही त्राण उरलं नव्हतं. सलाइनसाठी शीर सापडेना. दोन्ही हातांना टोचून झालं, मग पायाला. "पाणी कधी दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. "रात्री नऊला. तुम्ही सांगितलं होतं, तरी मी भीतीपोटी दिलं नाही." ते काही बोलले नाहीत, शीर शोधत राहिले.

दुपारी तो शुद्धीवर आला. काही वेळानं सिस्टर म्हणाल्या, "आता चमच्यानं पाणी द्या." मी उशीखालची बाटली काढली आणि आईच्या हातात दिली.