दसऱ्याच्या आधी ये

चि. बंड्यास,


तुझा भलामोठा मेसेज वाचला. फोनवर बोलायला गेले की तू 'हो आत्या, हो आत्या' करून विषय संपवतोस, म्हणून सरळ कागद घेतला.

तुम्ही इंटर्न मंडळी जानेवारीत गाडी करून येणार, आमच्या मोफत दवाखान्याच्या रविवारी मोठं शिबिर घेणार, दिवसभरात तीनशे माणसं तपासणार. आमच्या सरपंचांना हे कळलं तर ते मांडव घालून, बॅनर छापून मोकळे होतील. मी मात्र नको म्हणते. रागावू नकोस, आधी ऐक.

इकडे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, आष्टी-पाटोद्याकडे, दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळी, तान्हं पोर घालून टोळ्या निघतात, त्या सांगली-कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटकात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. जानेवारीत तुम्ही ज्यांना तपासायचं म्हणता, ती माणसं तेव्हा उसाच्या फडात पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत असतील.

तिथे आजारी पडलं तर डॉक्टर नाहीत असं नाही. पण दिवस मोडला की खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर उचलीच्या हिशोबात पैसे कापले जातात. मग दुखण्याची गोळी घ्यायची आणि कोयता हातात धरायचा. कंबर दुखली गोळी, मान धरली गोळी, तीही रोज, उपाशीपोटी. या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, हे तू मला सांगायला नको आणि मी तुला. परत गावी आल्यावर हेच लोक आमच्यासमोर बसून म्हणतात, "एक सुई मारा, मोकळं वाटंल." सुई मिळाली नाही की तोंड पाडून जातात. डॉक्टर समजावून थकतात.

माझं टेबल औषधांचं. मेडिकलच्या काउंटरमागे जन्म गेला, त्यामुळे माझी नजर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या हातातल्या स्ट्रिपवर जाते. मागच्या पावसाळ्यात एक बाई आली. पाय सुजलेले, उठताना चक्कर. पदराची गाठ सोडून तिने तीन अर्धवट स्ट्रिपा माझ्यासमोर मांडल्या. एक गुलाबी वेष्टनातली, एक निळ्या, एक चंदेरी. "तीन दुखणी हायती मला," म्हणाली. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. तिन्ही अ‍ॅम्लोडिपिन, कंपन्या फक्त वेगळ्या. एक आमच्याकडची, एक तालुक्याच्या कुठल्याशा शिबिरातली, एक फडावर आलेल्या फुकट तपासणीच्या गाडीतली. तिन्ही ठिकाणी कोणीतरी भल्या मनाने तिचं बीपी मोजलं, जास्त आहे म्हणून गोळी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाई बिचारी तिन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होती.

तेव्हापासून आम्ही कंपन्यांची सॅम्पलं घेणं बंद केलं. देणाऱ्यांना राग येतो, येऊ दे. वाचता न येणारं माणूस गोळी रंगावरून ओळखतं, दर महिन्याला रंग बदलला तर ते जुनी सोडत नाही आणि नवीही घेतं. आता एकच जेनेरिक गोळी ठेवतो, रोजची रुपयाच्या आतच पडते. पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढतो. माझा चंद्र बघून डॉक्टर हसतात, केळं म्हणतात.

अडचण उरते ती फडावरच्या सहा महिन्यांची. तिथे मला तू हवा आहेस. भाद्रपदात ये, दसऱ्याच्या आधी. ज्यांची गोळी चालू आहे त्या प्रत्येकाचं कार्ड नीट भरायचं, म्हणजे फडावर कोणी डॉक्टर भेटलाच तर त्याला काय चालू आहे ते दिसेल. ज्यांचं बीपी आटोक्यात आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या हातात, पुढच्या तीन महिन्यांच्या टोळीतलं कोणी मध्ये गावाकडे आलं की त्याच्याबरोबर. आणि प्रत्येक टोळीतल्या एका बाईला मशीनवर बीपी घ्यायला शिकवायचं. "अडाणी बाया कशा शिकतील" असं म्हणू नकोस. आमच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं आणि गावातल्या बायांनाच आरोग्यसेविका केलं, त्यातल्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोगी ओळखले. आपण तर नुसतं बटण दाबायला शिकवतोय.

बटण दाबण्याआधीचं मात्र नीट शिकव. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, पोलक्याची घट्ट बाही वर न सारता हात मोकळा करायचा. मिश्री नुकतीच लावली असेल तर अर्धा तास थांबायचं. या बाया कष्टाने वाळलेल्या, दंड बारीक, त्यावर मोठा पट्टा गुंडाळला की बीपी खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणून लहान पट्टे वेगळे विकत आण, पैसे मी देईन.

मित्रांपैकी दोघांनाच आण, जे पुढच्या वर्षीही येतील. कारखान्याचा पट्टा पडल्यावर मे महिन्यात तुम्हालाच ती कार्डं पुन्हा बघायची आहेत, तेव्हा सुट्टीचं आत्ताच जमवून ठेवा. पांढरे कोट, बॅनर, बिस्किटांचे पुडे काही नको. पुण्याहून नगरला उतरून जामखेडची एसटी पकड, तिथून न्यायला मी कोणाला तरी पाठवते. वहिनीला सांग, गोडा मसाला संपलाय.

तुझी,
आत्या