पुडीत निघाले कुरमुरे!

हातात आलेला आवडीचा खाऊसुद्धा नकोसा वाटावा, असा तुमचा कधी हिरमोड झालाय?

माझा झालाय. आम्ही परळला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते हमखास जिलबीची पुडी आणायचे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार बंद झाला. तरीही एका संध्याकाळी बाबा पुडी घेऊन आले. मी धावत जाऊन सोडली, तर आत चणे-कुरमुरे! एरवी मी ते मुठी भरभरून खायचो. त्या दिवशी मात्र पुडी भिरकावली. बाबा काहीच बोलले नाहीत. खाली बसून एकेक चणा वेचू लागले.

पुढे मोठेपणी माकडांवरच्या एका प्रयोगाविषयी वाचलं आणि ती संध्याकाळ आठवली. हा प्रयोग अमेरिकेतल्या टिंकलपॉ नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९२८ साली प्रसिद्ध केला. माकडाच्या डोळ्यांदेखत ते भांड्याखाली केळं ठेवायचे. मग गुपचूप ते काढून तिथे लेट्यूस या पालेभाजीचं पान ठेवायचे. एरवी माकडं हे पान खात. पण केळ्याच्या आशेनं आलेलं माकड त्याला हात लावीना! ते इकडेतिकडे शोधी, कधी चक्क माणसांवर ओरडे. पान तेच होतं. चुकला होता तो अंदाज.

हा अंदाज मेंदूत कसा चालतो? वोल्फ्राम शुल्त्स या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. दिवा लागला की फळांचा रस मिळतो, हे माकडं शिकली. मग एखाद्या वेळी रस दिलाच नाही, तर तो मिळायच्या नेमक्या क्षणी या पेशींचे संदेश मंदावत. अनपेक्षित रस मिळाला, तर वाढत. अशा चुकांवरूनच मेंदू पुढचा अंदाज सुधारतो.

म्हणजे हिरमुसणं हा काही गुन्हा नाही. पण पुडी भिरकावणं? केळं का गेलं, हे त्या माकडाला कळणं शक्यच नव्हतं. जिलबी का नाही, हे मला मात्र ठाऊक होतं.

म्हणून सांगतो, पुडीत कमी निघालं तर वाईट वाटेलच. वाटू द्या. पण आधी पुडी आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा.